पॉइंट टू-टूची नेमबाजी: रायफल विकत घ्यायची घाई नको

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये, फ्रान्समधल्या शातोरूच्या नेमबाजी रेंजवर स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ जिंकलं आणि राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी एका दुपारीत देशभर पोहोचलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आनंद सगळ्यांनाच झाला, पण ‘५० मीटर रायफल थ्री पोझिशन’ म्हणजे नेमकं काय, हे टीव्हीसमोर बसलेल्या बहुतेकांना उमगलं नाही. स्वप्नील कधी गुडघ्यावर बसत होता, कधी झोपत होता, मध्येच जाडजूड जॅकेटची बटणं चाचपत होता.

त्यानंतर रेंजवर चौकशीला येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रायफल कितीला पडेल? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. तो शेवटी का, हे कळायला त्या रायफलीत जाणारं इवलंसं ‘पॉइंट टू-टू’, म्हणजे ०.२२ इंचाचं, काडतूस आधी समजून घ्यावं लागतं. या खेळातली प्रत्येक अडचण आणि प्रत्येक खर्च त्या काडतुसातूनच निघतो.

रिमफायर म्हणजे काय?

दिवाळीत मुलं टिकल्यांचं पिस्तूल उडवतात. टिकलीत मसाल्याचा ठिपका असतो, हातोडी त्यावर आदळली की तो चिरडून फुटतो. ०.२२ च्या काडतुसात हेच घडतं, फक्त मसाल्याची जागा वेगळी. पितळी पुंगळीच्या बुडाला किंचित बाहेर आलेली गोल कडा असते. ती आतून पोकळ असते आणि त्या पोकळीत मसाला बसवलेला असतो. ट्रिगर दाबला की फायरिंग पिन कडेवर आदळते, कडा चेपते, मसाला पेटतो आणि तो पुंगळीतल्या दारूला पेटवतो. कडेवर आघात करून उडणारं काडतूस ते रिमफायर. मोठ्या रायफलींच्या काडतुसात मसाल्याची छोटी टोपी बुडाच्या मधोमध बसवलेली असते, ते सेंटरफायर.

कडा चेपली जावी म्हणून पितळ पातळ ठेवावं लागतं. पितळ पातळ, त्यामुळे आत फार दाब सोसत नाही. दाब कमी, म्हणून गोळी हळू. शिवाय कडा एकदा चेपली की ती पुंगळी पुन्हा भरता येत नाही. सेंटरफायरवाले नेमबाज स्वतः दारू तोलून हवं तसं काडतूस बनवतात. रिमफायरवाल्याला कारखान्यातून येईल ते घ्यावं लागतं.

स्पर्धेत वापरतात ते ०.२२ लाँग रायफल काडतूस १८८७ पासून चालत आलेलं आहे. एनसीसीत फायरिंग केलेल्या कोणीही ते हातात धरलेलं असतं. शिशाची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची, जाडी ५.६ मिलिमीटर, आणि स्पर्धेच्या दर्जाच्या काडतुसात तिचा वेग सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास. हा वेग आवाजाच्या वेगाच्या जरा खाली मुद्दाम ठेवलेला असतो. आवाजापेक्षा वेगानं निघालेली गोळी वाटेत मंदावून पुन्हा त्या उंबरठ्याखाली येते, तेव्हा ती डगमगते आणि नेम बिघडतो.

पन्नास मीटर तर जवळच झालं की!

हा आक्षेप मी फार ऐकतो, म्हणून आकडेच मांडतो. पन्नास मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. पुढचं प्रत्येक वर्तुळ चहूबाजूंनी ८ मिलिमीटरनं मोठं. गोळीचा काठ वर्तुळाला नुसता शिवला तरी गुण मिळतो. म्हणजे गोळीचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला तर दहा, नाहीतर नऊ.

आता रायफलीकडे बघा. खांद्यापासून नळीच्या टोकापर्यंत साधारण एक मीटर धरलं, तर लक्ष्यावरचे ८ मिलिमीटर म्हणजे नळीच्या टोकाशी मिलिमीटरचा सहावा भाग. तेवढी हालचाल झाली की दहा गेला. नाडीचा ठोका, अर्धवट सोडलेला श्वास, ट्रिगरवर बाजूनं पडलेलं बोट, यातलं काहीही पुरतं.

त्यात गोळी हळू. लक्ष्यापर्यंत पोहोचायला तिला सेकंदाचा सुमारे सहावा भाग लागतो आणि तेवढ्यात ती बारा-तेरा सेंटिमीटर खाली येते. हे खाली येणं दर वेळी सारखंच असेल तर त्रास नाही, साइट, म्हणजे रायफलीवरचं नेम धरायचं साधन, तेवढी वर लावलेली असते. पण एका काडतुसाचा वेग दुसऱ्यापेक्षा सेकंदाला दहा मीटरनं कमी निघाला, तर हिशेबानं गोळी सात-आठ मिलिमीटर खाली लागते. नेम अचूक, ट्रिगर स्वच्छ, आणि गुण नऊ.

मग वारा. ताशी साडेतीन किलोमीटरची आडवी झुळूक, जी गालाला जेमतेम जाणवते, गोळीला सुमारे पाच मिलिमीटर सरकवते. रेंजवर ठरावीक अंतरावर छोटी निशाणं लावलेली असतात ती याचसाठी. आणि वारा गोळीला नुसता बाजूला नेत नाही. नळीतल्या आट्यांमुळे, म्हणजे आतून कोरलेल्या पिळदार खाचांमुळे, गोळी स्वतःभोवती फिरत असते. त्यामुळे नेहमीच्या उजव्या आट्यांच्या नळीतून सुटलेली गोळी डावीकडून येणाऱ्या वाऱ्यात उजवीकडे आणि किंचित खाली जाते, उजवीकडच्या वाऱ्यात डावीकडे आणि किंचित वर. अनुभवी नेमबाज घड्याळाच्या भाषेत बोलतात: चार वाजता लागली, दहा वाजता लागली.

हे सगळं ताकदवान काडतुसात पन्नास मीटरवर जाणवणारही नाही. रिमफायर कमजोर आहे म्हणूनच इतक्या थोड्या अंतरावर माणसाची खरी कसोटी लागते.

तीन पोझिशन कशासाठी?

सध्याच्या पद्धतीत पात्रता फेरीत साठ गोळ्या असतात: वीस गुडघ्यावर बसून, वीस पोटावर झोपून, वीस उभं राहून. एकूण गुण ६००. पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नीलचे ५९० झाले: बसून १९८, झोपून १९७, उभ्यानं १९५. सातव्या क्रमांकानं तो अंतिम फेरीत गेला.

झोपून नेम धरताना दोन्ही कोपरं जमिनीवर असतात आणि दंडाला बांधलेला पट्टा, म्हणजे स्लिंग, रायफलीचं वजन पेलतो. स्नायूंनी जवळजवळ काहीच करायचं नसतं. गुडघ्यावर बसताना पायाच्या घोट्याखाली वळकटीसारखी उशी घेता येते, स्लिंगही चालतो, पण तोल सांभाळावा लागतो. उभं राहिलं की स्लिंगला परवानगी नाही. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवून सगळा भार सांगाड्यावर द्यायचा. रायफलीचं वजन नियमानं आठ किलोपर्यंत असू शकतं. ते दंडाच्या जोरावर धरलं तर दहा गोळ्यांत हात थरथरू लागतो.

झोपून मारायच्या प्रकारात आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवलं. ऑलिंपिकमधला पुरुषांचा हा स्वतंत्र प्रकार २०१६ नंतर गेला, पण देशातल्या स्पर्धांत झोपून मारायचा प्रकार आहे. नवख्यानं ०.२२ ची सुरुवात तिथूनच करावी असं मला वाटतं. शरीर स्थिर असलं की चूक श्वासाची, ट्रिगरची की वाऱ्याची, हे वेगळं ओळखता येतं. उभ्यानं सुरुवात केली तर सगळ्या चुका एकमेकींत मिसळतात आणि मूल वैतागतं.

पण सामने उभ्यानंच फिरतात. त्या अंतिम फेरीत बसून आणि झोपून झाल्यावर स्वप्नील पाचवा होता, खात्यावर ३१०.१ गुण. पदक त्यानं उभ्याच्या गोळ्यांनी मिळवलं आणि ४५१.४ वर थांबला. अंतिम फेरीत गुण दशांशांत मोजतात, एका गोळीला जास्तीत जास्त १०.९.

मग सुरुवात कुठून करायची?

एअर रायफलनं. दहा मीटरचं अंतर, हवेच्या दाबावर सुटणारी ४.५ मिलिमीटरची पेलेट. तिथं दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे शिस्त तीच लागते, पण वारा नाही आणि काडतुसाचा खर्च नाही. उभं राहणं, साइटमधून बघणं, ट्रिगर, श्वास, सगळं तिथं शिकता येतं.

या रायफलींच्या साइटला भिंग नसतं. मागं बारीक छिद्र, पुढं एक कडी, आणि कडीच्या मधोमध लक्ष्याचं काळं वर्तुळ आणायचं. नजर पुढच्या कडीवर ठेवायची. लक्ष्य जरा धूसर दिसतं आणि ते तसंच दिसायला हवं. नवखी मुलं लक्ष्य स्पष्ट बघायला जातात आणि कडी हलतेय हे त्यांच्या लक्षात येत नाही.

पहिले काही महिने चांगला कोच गोळीपेक्षा ‘होल्डिंग’ जास्त करून घेतो. रायफल नुसती धरून ठेवायची, मोजून, रोज. दुसरा सराव कोऱ्या चापाचा, ज्याला रेंजवर ‘ड्राय’ म्हणतात: गोळी न भरता पूर्ण क्रिया करायची आणि ट्रिगर सुटल्यावरही कडी जागेवर आहे का ते बघायचं. ट्रिगरनंतर लगेच डोकं उचलायचं नाही, कारण हळू गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत रायफल हलली की तिची दिशा बदलते. ०.२२ वर ड्राय करताना मात्र कोचला विचारूनच करा. मोकळ्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागी, पिन पुंगळीच्या कडेऐवजी चेंबरच्या काठावर आदळू शकते आणि काठाला खोच पडते. स्पर्धेच्या बहुतेक रायफलींत त्यासाठी वेगळी सोय असते.

आणि एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच शिकून घ्या. पोझिशन घेऊन नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. कडी लक्ष्यावरून सरकलेली दिसली तर हातानं ओढून आणू नका. पाय किंवा कोपर हलवून सगळं शरीर फिरवा. ओढून आणलेला नेम ट्रिगरच्या क्षणी आपल्या मूळ जागी परत जातो. उरलेलं बरंचसं तंत्र या एका सवयीवर उभं राहतं.

पुण्यात बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात दहा, पंचवीस आणि पन्नास मीटरच्या रेंज आहेत. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, कोल्हापुरात दुधाळीची. स्वप्नील घडला तो राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून. एअर रायफलच्या रेंज आता बऱ्याच जिल्ह्यांच्या गावी आहेत, पण पन्नास मीटरच्या कमी. त्यामुळे ०.२२ कडे वळण्याआधी आठवड्यातून किती दिवस रेंजवर पोहोचता येईल याचा घरात मोकळा विचार करा. पैशांपेक्षा प्रवासामुळे सोडलेली मुलं जास्त असतील.

परवान्याचं काय?

एअर रायफल ४.५ मिलिमीटरपर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीची असेल तर शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही. ०.२२ मात्र कायद्यानं बंदूकच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली स्वतःच्या नावावर घ्यायला वय २१ लागतं आणि परवाना लागतो. पोलिस आयुक्तालय असलेल्या शहरांत तो आयुक्त देतात, इतरत्र जिल्हाधिकारी. बारा वर्षांवरच्या मुलांना प्रशिक्षणासाठी देखरेखीखाली वापरता येते.

क्लबच्या रायफलीनं, क्लबच्या रेंजवर, कोचच्या देखरेखीखाली शिकायला स्वतःचा परवाना हवा असं नाही. सुरुवात क्लबच्या रायफलीवर करा असं मी आग्रहानं म्हणतो त्याचं निम्मं कारण हेच आहे. परवान्याची फाइल फिरत राहते, तोवर मूल खेळत राहतं.

पैसा कशावर आणि कधी?

स्वप्नीलचे वडील शिक्षक. मुलाच्या गोळ्यांसाठी त्यांनी कर्ज काढल्याची बातमी तेव्हा सगळ्यांनी वाचली. हा खेळ स्वस्त आहे असं मी कोणालाही सांगणार नाही. स्पर्धेची आयात रायफल, मग ती अ‍ॅन्शुट्झ असो, वॉल्थर असो की फाइनवेर्कबाऊ, लाखांत जाते. पण खर्चाचा क्रम योग्य ठेवला तर बराच पैसा वाचतो.

पहिला खर्च अंगावरच्या जॅकेटवर आणि पॅंटवर. हे कपडे जाड कॅनव्हास आणि चामड्याचे असतात, पाठीला आणि कंबरेला आधार देतात. म्हणूनच त्यांची जाडी नियमानं २.५ मिलिमीटरच्या आत हवी आणि ताठपणाही यंत्रावर मोजतात. वाढत्या वयाच्या मुलाला मापाचं महागडं जॅकेट शिवू नका, दोन वर्षांत ते होत नाही. रेंजवर मोठ्या मुलांची वापरलेली जॅकेटं मिळतात, तीच घ्या.

दुसरा खर्च गोळ्यांवर, आणि इथं काडतुसाचा मूळ स्वभाव परत आडवा येतो. मसाला कडेत किती आणि कसा बसला यात सूक्ष्म फरक राहतोच. म्हणून एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटची एकाच रायफलीत वागणूक वेगळी असते. एक लॉट सगळ्या गोळ्या दहात बसवतो, दुसरा विखुरतो. तोच दुसरा लॉट शेजाऱ्याच्या रायफलीत मात्र सुरेख चालतो. इले, लापुआ अशा कंपन्यांच्या चाचणी-रेंजवर नेमबाज आपली रायफल घेऊन जातात, ती साच्यात पकडून वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या उडवतात आणि जुळणारा लॉट साठवून ठेवतात.

नवख्याला याची गरज आहे का? नाही. तुमच्या गोळ्या सातच्या वर्तुळात पसरत असताना सगळ्यात महागडं काडतूस घेऊन काही उपयोग नाही. मधल्या दर्जाचं एकच काडतूस धरून ठेवा. झोपून मारलेल्या गोळ्या सातत्यानं नऊ-दहात यायला लागल्या की लॉटची चिंता सुरू करा, आणि स्वतःच्या रायफलीचा विचारही तेव्हाच.

चष्मा आहे, वय उलटलंय

चष्मा चालतो. भिंग रायफलीवर नको, नेमबाजाच्या डोळ्यावर हरकत नाही. नेमबाजीची वेगळी फ्रेम मिळते, पण आधी आपल्या चष्म्यावर खेळून बघा. वयाचं म्हणाल तर चाळिशीनंतर झोपून मारायचा प्रकार उत्तम शिकता येतो. जवळचं धूसर दिसू लागलं असेल तर पुढच्या कडीसाठी नंबर वेगळा लागतो, तेवढं डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

मुलाच्या हातात बंदूक द्यायची?

ही काळजी रास्त आहे आणि तिला ‘काही होत नाही’ असं उत्तर देऊ नये. ०.२२ ची गोळी जीव घेऊ शकते. म्हणूनच रेंजवर नियमांना अपवाद नसतो. नळी कायम लक्ष्याकडे. आदेश मिळेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. गोळीबार चालू नसेल तेव्हा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, उघडा ठेवलेला आणि चेंबरमध्ये भडक रंगाची सुरक्षा-पट्टी, म्हणजे चेंबर रिकामा आहे हे लांबूनही दिसतं. ‘स्टॉप’ म्हटलं की सगळे त्या क्षणी थांबतात. ज्या रेंजवर हे ढिलं दिसेल तिथून मुलाला घरी आणा, कोच कितीही नावाजलेला असला तरी.

शिशाबद्दल मात्र पुरेसं बोललं जात नाही. गोळी शिशाची असते, धुरात आणि हातावर शिसं येतं आणि लहान मुलांच्या शरीराला ते जास्त घातक ठरतं. रेंजवर खाणं-पिणं नको, सराव संपल्यावर हात-तोंड साबणानं धुवा, बंदिस्त रेंज असेल तर हवा खेळती आहे का ते विचारा.

स्पर्धांची वाट

क्लब आणि जिल्हा, मग राज्य स्पर्धा, मग मावळंकर स्पर्धा, मग राष्ट्रीय. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचेही पहिले अध्यक्ष होते, त्यांच्या नावाची ही स्पर्धा. प्रत्येक पायरीला ठरावीक किमान गुण लागतात. ते आकडे बदलत राहतात, म्हणून चालू वर्षाचे क्लबमध्येच विचारा.

अमेरिकेतला वेगळा अवतार

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना ‘रिमफायर प्रिसिजन’ म्हटलं की दुसरंच काही दिसेल. तिथं हेच ०.२२ काडतूस, पण रायफलीवर दुर्बीण आणि पुढं दोन पायांचा टेकू. लक्ष्यं लोखंडी, वेगवेगळ्या अंतरांवर टांगलेली. बॅरिकेड, शिडी, पिंप अशा आधारांवर रायफल टेकवून, साधारण दोन मिनिटांत ठरलेल्या गोळ्या संपवायच्या. एनआरएल-ट्वेंटीटू या मालिकेत अंतरं शंभर यार्डांपर्यंत असतात आणि दर महिन्याचा कार्यक्रम सगळ्या क्लबांना सारखा. पीआरएस, म्हणजे ‘प्रिसिजन रायफल सिरीज’, या दुसऱ्या मालिकेच्या रिमफायर सामन्यांत दोनशे-तीनशे यार्डांपर्यंत जातात. पन्नास यार्डांना साइट लावलेली गोळी दोनशे यार्डांवर मीटरहून जास्त खाली पडते, म्हणून प्रत्येक अंतराचा उतार आधी मोजून कागदावर लिहून आणावा लागतो. आपल्याकडच्या खेळात दीड तास एकच क्रिया तशीच्या तशी करायची असते. तिथं दर दोन मिनिटांनी नवी अडचण. स्वभाव चंचल असेल तर हा प्रकार जास्त आवडेल.

सुरुवात तिथंही उसन्या रायफलीनं होऊ शकते. सामन्याच्या आयोजकाला आधी कळवलं तर कोणीतरी आपली रायफल वापरायला देतं. पण एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर जरा थांबा. अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला तिथल्या संघराज्य कायद्याची मनाई आहे. काही अपवाद आहेत, त्यात वैध शिकार परवाना हा एक. उसनी रायफल हातात घेणंही यात येऊ शकतं, म्हणून नाव नोंदवण्याआधी जाणकार वकिलाला विचारून घ्या. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही.